घरी गणित येतं, पेपरात येत नाही! बारावीच्या मॅथ्सचं काय करू?

पत्र: मॅडम, मी सांगोल्याजवळच्या एका गावातली, बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, दहावीला गणितात ९४ होते. अकरावीपासून सगळं इंग्लिशमध्ये आलं आणि मागे पडत गेले. आता पहिल्या प्रिलिमला ८० पैकी ३७ आलेत. घरी उदाहरणं येतात, क्लासमध्ये सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं, पेपर हातात आला की ब्लँक होते, वेळ पुरत नाही आणि जे येतं त्यात पण सिली मिस्टेक करते. बाबा डाळिंबाची बाग बघतात, ते काही बोलत नाहीत पण काका म्हणाले गणित मुळातच डोक्यात असावं लागतं. मला इंजिनिअरिंगला जायचंय. फेब्रुवारीत बोर्ड आहे. नऊ आठवड्यांत काही होऊ शकतं का? पेपरचे फोटो पाठवतेय, नाव छापू नका.

उत्तर:

अगं बाळा, पेपरचे फोटो पाठवलेस हे फार चांगलं केलंस, कारण नुसतं पत्र असतं तर मी पण चार गोड शब्द लिहून मोकळी झाले असते, आता तसं करता येणार नाही. काल संध्याकाळी पेन घेऊन बसले आणि तुझे गेलेले ४३ मार्क कुठे कुठे गेले ते एकेक करून लिहून काढलं. आधी तेच सांगते, कारण मला वाटतं तू स्वतः ते अजून बघितलेलंच नाहीयेस. ३७ बघितलं, रडलीस आणि पेपर दप्तरात घातलास, खरं ना?

सेक्शन ए मध्ये २० पैकी ९, बी मध्ये १६ पैकी ११, सी मध्ये २४ पैकी ११ आणि डी मध्ये २० पैकी ६. आता हे बघ, सी मध्ये तू आठच्या जागी सहाच सोडवलीस आणि डी मध्ये पाचच्या जागी दोनच, म्हणजे १८ मार्कांना तू हातच लावला नाहीस. उरले २५. त्यातले एकट्या सेक्शन ए मधले ११. आणि त्या ११ मध्ये एका एमसीक्यूचं उत्तर बरोबर होतं पण तू नुसतं सी लिहिलंस, पुढे उत्तर लिहिलंच नाहीस, आणि बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनाच असते की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, एकच लिहिलं तर मार्क नाही. दोन एमसीक्यू कोऱ्या सोडल्यास. बोर्डाच्या पेपरला निगेटिव्ह मार्किंग नाही बाळा, कोरं सोडायचं काही कारणच नाही. सी मध्ये एक गणित अर्धं करून अख्खं खोडलंस, मी फोटो मोठा करून खोडलेल्या रेघांखालचं वाचलं, पहिल्या तीन ओळी बरोबर होत्या. त्या तशाच ठेवल्या असत्यास तरी काहीतरी मिळालं असतं.

तर काकांना काय वाटायचं ते वाटू दे, ह्या पेपरात डोकं कमी आहे असं मला कुठेही दिसलं नाही. पेपर सोडवण्याची प्रॅक्टिस नाही हे मात्र ओळीओळीत दिसतंय. तुला गणित वाचायची सवय आहे, सुरू करायची नाही. तू लिहिलंयस "सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं". कळणारच गं. सरांनी पहिली ओळ लिहिली की पुढच्या चार ओळी आपोआप सुचतात, पण पेपरात ती पहिली ओळ लिहायला सर नसतात आणि सगळी परीक्षा त्या पहिल्या ओळीचीच असते. घरी पण तू काय करत असशील ते मला माहितीये, एक्सरसाइज काढायची, गणित वाचायचं, दोन मिनिटं विचार, मग गाइडमध्ये डोकावायचं, "हां बरोबर, असंच करणार होते" म्हणायचं आणि पुढचं. मी स्वतः बीएस्सीला असंच करायचे आणि पहिल्या वर्षी एका पेपरला जेमतेम काठावर पास झाले होते, त्यामुळे मला हे फार जवळून माहितीये.

आणखी एक गोष्ट आहे जी मुलांच्या लक्षात येत नाही. पुस्तकातल्या एक्सरसाइजच्या डोक्यावर नाव असतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्सच्या एक्सरसाइजमधलं प्रत्येक गणित बाय पार्ट्सनेच सुटतं, मग तुला ओळखायचं काय राहिलं? पद्धत तर पुस्तकानेच सांगून टाकली. पेपरात ते नाव नसतं. इंटिग्रेशनची ही चार गणितं बघ: वन अपॉन एक्स स्क्वेअर प्लस फोर, एक्स अपॉन एक्स स्क्वेअर प्लस फोर, एक्स स्क्वेअर अपॉन एक्स स्क्वेअर प्लस फोर, आणि वन अपॉन रूट ऑफ एक्स स्क्वेअर प्लस फोर. दिसायला चारही बहिणी. पहिल्याचं थेट फॉर्म्युल्याने हाफ टॅन इन्व्हर्स एक्स बाय टू. दुसऱ्यात वर खालच्याचं डेरिव्हेटिव्ह आहे, फक्त दोनची कमी आहे, म्हणून हाफ लॉग ऑफ एक्स स्क्वेअर प्लस फोर. तिसऱ्यात वरची डिग्री खालच्याएवढीच आहे म्हणून आधी वर चार मिळवून चार वजा करायचे, मग उत्तर एक्स मायनस टू टॅन इन्व्हर्स एक्स बाय टू. चौथं परत फॉर्म्युल्याचं पण लॉगवालं. ही चार गणितं चार वेगवेगळ्या दिवशी केलीस तर चारही येतात, एका पानावर एकत्र ठेवली की अर्धा वर्ग गोंधळतो. आणि प्रत्येकाला सोबत प्लस सी, तुझ्या पेपरात दोन ठिकाणी तो राहिलाय.

हे नुसतं माझं मत नाहीये. २००७ साली अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर ह्या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं. मुलांना चार अनोळखी घनाकृतींची व्हॉल्यूम काढायला शिकवलं, एका गटाला एका प्रकारची सगळी गणितं सलग दिली, दुसऱ्याला तीच गणितं मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६० टक्केच. पण आठवड्याने टेस्ट घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर. म्हणजे सराव करताना ज्यांना "मला येतंय" असं वाटत होतं त्यांचीच परीक्षेत जास्त फजिती झाली. "घरी येतं, पेपरात येत नाही" हे तुझं वाक्यच आहे की नाही हे?

म्हणून आता करायचं काय ते सांगते. एक जुना स्टीलचा डबा घे. बालभारतीची दोन्ही पुस्तकं घे, पार्ट वन आणि पार्ट टू, आणि प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी जी मिसलेनियस एक्सरसाइज आहे तिच्यातली गणितं चिठ्ठ्यांवर उतरव. चॅप्टरचं नाव लिहायचं नाही, फक्त गणित, आणि मागे बारीक अक्षरात पान नंबर. सुरुवातीला प्रत्येक चॅप्टरची सहा-सात घे, शंभरच्या आसपास होतील, लिहायला एक रविवार जाईल, जाऊ दे. मग रोज सकाळी न बघता वीस चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येकीला एकच मिनिट, त्या मिनिटात गणित सोडवायचं नाहीये, फक्त हे कुठल्या चॅप्टरचं, कुठली पद्धत लागेल आणि पहिली ओळ काय, एवढं वहीत लिहायचं. वीस मिनिटांत वीस सुरुवाती. त्यातल्या ज्या पाच-सहा चुकल्या किंवा सुचल्याच नाहीत तेवढीच पूर्ण सोडवायची, पुस्तक बंद करून, गाइड दुसऱ्या खोलीत ठेवून. दुसऱ्या खोलीत हे मी सिरियसली म्हणतेय, हाताशी असलं की बघितलं जातंच. पंधरा मिनिटं झाली तरी सुचलं नाही तर उठून जा, गाइडमधली फक्त एक ओळ बघ, बंद कर, परत ये. आणि ती चिठ्ठी दोन दिवसांनी परत डब्यात टाक, ती जमली की आठवड्याने परत.

पहिले आठ दिवस फार वाईट जातील हे आत्ताच सांगून ठेवते. वीसपैकी सहा-सात सुरुवाती जमतील आणि तुला वाटेल मॅडमनी सांगितलं त्यामुळे आणखीनच वाट लागली. तसं वाटलं तरी सोडू नकोस, वर सांगितलं ना, मिसळून करताना आकडे खाली दिसतातच.

आता वेळेचं. ८० मार्क, १८० मिनिटं, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. शेवटी १० मिनिटं जास्तीची मिळतात ती हिशोबात धरायचीच नाहीत, ती तपासायला. ह्या हिशोबाने चार मार्काच्या गणिताला नऊ मिनिटं. तुझं डी मधलं ते न्यूटनच्या कूलिंगचं गणित बघितलं मी, वस्तू ८० डिग्रीवरून ५० वर यायला ३० मिनिटं, खोली २५ डिग्री, तर एक तासाने टेंपरेचर किती. तू के ची, म्हणजे थंड होण्याच्या दराच्या स्थिरांकाची, किंमत काढायला लॉग टेबल उघडलंस, दोन पानं भरलीस, उत्तर बरोबर आलं, चार पैकी चार मिळाले, आणि मला खात्री आहे की तिथे तुझी वीसेक मिनिटं गेली. के लागतच नाही गं! खोलीपेक्षा किती जास्त ते बघ, आधी ५५ जास्त होतं, अर्ध्या तासाने २५ जास्त, म्हणजे अर्ध्या तासात पाच अकरांश उरलं. पुढच्या अर्ध्या तासात त्याचं परत पाच अकरांश. २५ गुणिले पाच भागिले अकरा, ११.३६, त्यात खोलीचे २५ मिळव, ३६.३६. पेपरात डिफरन्शियल इक्वेशन मांडायचं, सोडवायचं, ई रेज टू मायनस थर्टी के ची किंमत फाइव्ह बाय इलेव्हन लिहायची आणि पुढच्या ओळीत तिचा स्क्वेअर, झालं. एक पान. ग्रोथ आणि डिकेची बरीचशी गणितं अशीच असतात, वेळ समान पटीत दिलेली असते, तो इशारा असतो. लॉग टेबल वापरायला परवानगी आहे म्हणून प्रत्येक वेळी उघडायलाच पाहिजे असं नाही. कॅल्क्युलेटर मात्र चालत नाही, म्हणून आजपासून घरी पण फोनवर गुणाकार करणं बंद, एकदम बंद, तुझ्या पेपरात १७ गुणिले ६ चं ९२ झालंय ते त्या फोनमुळेच झालंय.

ऑप्शनचा हिशोब पण नीट समजून घे, फार कमी मुलं हा करतात. बी मध्ये बारातली आठ, सी मध्ये बारातली आठ, डी मध्ये आठातली पाच. सगळा छापलेला पेपर मोजलास तर ११२ मार्कांचा होतो आणि तुला ८० चाच सोडवायचाय, म्हणजे ३२ मार्कांची गणितं तू हक्काने सोडू शकतेस. पण सेक्शन ए ला ऑप्शन नाही. १६ मार्कांच्या आठ एमसीक्यू आणि चार मार्कांचे चार छोटे प्रश्न, सगळे करावेच लागतात आणि ते कुठल्याही चॅप्टरमधून येऊ शकतात. म्हणून "व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन ऑप्शनला टाकलं तरी चालतं" असं जे मैत्रिणी सांगतात ते ऐकू नकोस. मोठी गणितं सोडता येतील, चॅप्टर सोडता येत नाही. प्रत्येक चॅप्टरचं निदान दोन मार्काचं गणित आणि फॉर्म्युले आलेच पाहिजेत.

पेपर कुठून सुरू करायचा हा प्रश्न मला दरवर्षी विचारतात. माझं मत, ए पासूनच, पण घड्याळात ३५ मिनिटं झाली की जिथे असशील तिथून उठायचं आणि बी ला जायचं. अडलेल्या एमसीक्यूचा नंबर लिहून जागा सोडायची, अंदाजाने काहीतरी लिहून ठेवून नंतर बदलू असं करायचं नाही, कारण एमसीक्यूचा पहिला लिहिलेला प्रयत्नच धरतात हे पण त्याच सूचनेत असतं. अंदाज मारायचाच असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत. बी ला ३० मिनिटं, सी ला ५०, डी ला ४५, बेरीज केलीस तर १६०, राहिलेली २० अडलेल्या गणितांसाठी. काही मुलं डी आधी करतात आणि त्यांना ते छान जमतं, तुला कदाचित तेच बरं पडेल, पण हे घरच्या पेपरांत ठरव, बोर्डाच्या दिवशी नाही. प्रत्येक सेक्शन नवीन पानावर.

आणि गणित निवडताना पण एक मिनिट दे. तू समोर दिसली तशी करत गेलीस, नंबरप्रमाणे. तुझ्या प्रिलिमच्या सी मध्ये शेवटी एलपीपीसारखं (लिनियर प्रोग्रॅमिंग) सरळ गणित होतं, तू तिथपर्यंत पोचलीच नाहीस कारण सोळाव्यात अडकून बसलीस. सेक्शन सुरू करताना बाराही वाचायची, ज्यांची पहिली ओळ लगेच सुचते त्यांच्यावर पेन्सिलने टिंब द्यायचं, टिंबवाली आधी. आणि ही जी "पहिली ओळ सुचते का" ही परीक्षा आहे ती तू रोज सकाळी डब्यातल्या चिठ्ठ्यांवर करतच असणारेस.

अडकलीस तर? पेन थांबवू नकोस. दिलेली माहिती लिही, संबंधित फॉर्म्युला लिही, किंमती घाल. बोर्डाच्या तपासणीत स्टेपला मार्क असतात, अर्धा, एक, असे. बरोबर फॉर्म्युला आणि बरोबर सब्स्टिट्यूशनवर थांबलेलं गणित शून्य नसतं. आणि खोडायचं नाही, नवीन पूर्ण लिहून होईपर्यंत जुनं खोडायचंच नाही, ही एक सवय तुला खरंच मार्क देऊन जाईल.

आता सिली मिस्टेक. हा शब्दच आजपासून वापरू नकोस, कारण सिली म्हटलं की आपण तिच्याकडे बघत नाही. तुझ्या पेपरात अशा नऊ चुका सापडल्या मला आणि त्यातल्या पाच एकाच जातीच्या आहेत, कंस सोडवताना मायनस साइन फक्त पहिल्या टर्मला लागतो, दुसऱ्याला लागत नाही. बेफिकीर माणसाच्या चुका वेगवेगळ्या असतात, तुझी ही हाताला लागलेली सवय आहे आणि ती मोडता येते. एक छोटी वही कर, चुकांची. तारीख, गणित आणि एका ओळीत नेमकं काय चुकलं. "लक्ष नव्हतं" असं लिहायचं नाही, "टी घेतला पण डेफिनिटच्या लिमिट बदलल्या नाहीत" असं लिहायचं. दोन आठवड्यांत तुला तुझ्या चार-पाच ठरलेल्या चुका दिसतील, मग पेपर तपासताना सगळं परत वाचत बसायचं नाही, फक्त त्या चार जागा बघायच्या.

तपासायच्या काही पद्धती पटकन सांगते. इंडेफिनिट इंटिग्रल आलं की उत्तराचं डेरिव्हेटिव्ह मनात घे, दिलेलं फंक्शन परत आलं पाहिजे. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढला की मूळ मॅट्रिक्सने गुणून बघ, सगळं नाही, पहिली रो तरी, आयडेंटिटी यायला पाहिजे. प्लेनचं इक्वेशन आलं की दिलेला पॉइंट घालून बघ. प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनची बेरीज एक. एरिया निगेटिव्ह आला तर कुठेतरी चुकलंच आहे. आणि ते झिरो टू पाय बाय टू, वर रूट साइन एक्स, खाली रूट साइन एक्स प्लस रूट कॉस एक्स, तसल्या गणितांत उत्तर नेहमी लिमिटच्या फरकाच्या निम्मं असतं, म्हणून पाय बाय फोर. एमसीक्यूला तर सरळ तेच लिहायचं. तीन मार्काला आलं तर मात्र प्रॉपर्टी लिहून, दोन्ही इंटिग्रल मिळवून, सगळ्या स्टेप दाखवायच्या. सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासमध्ये शिकवलेली शॉर्टकट बोर्डाच्या लांब उत्तरात लिहिलीस तर मधल्या स्टेपचे मार्क कशाला द्यायचे?

मराठी मीडियमचं तू एका वाक्यात सांगून टाकलंस पण मला ते मोठं कारण वाटतं. तुझं गणित अडत नाहीये, काही ठिकाणी वाक्य अडतंय. बायनॉमियलच्या गणितात "अॅट मोस्ट टू" ला तू दोन आणि त्याच्या पुढचे सगळे धरलेस. अॅट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, म्हणजे शून्य, एक, दोन. अॅट लीस्ट वन म्हणजे किमान एक, तिथे सरळ एकातून एकही नसण्याची प्रॉबॅबिलिटी वजा करायची. "हेन्स" असं लिहिलं असेल तर वरच्या भागाचं उत्तर वापरायचंच असतं, नव्याने सुरुवात करायची नाही. "रिस्पेक्टिव्हली" म्हणजे त्याच क्रमाने. असे पंचवीस-तीसच शब्द आहेत गं, पुस्तकातून काढून एका कागदावर मराठी अर्थासकट लिही आणि कपाटाच्या दारावर चिकटव. आणि दहावीला तू निश्चयक पद्धत शिकलीस ना, क्रेमरची? डिटरमिनंट म्हणजे तोच निश्चयक. जुन्या ओळखीची माणसं नवीन नावाने भेटतायत एवढंच आहे पुष्कळ ठिकाणी.

थिअरमकडे तू पाठ फिरवलीयस असं दिसतं, पेपरात दोन आले होते, एकालाही हात नाही लावलास. बाय पार्ट्सच्या नियमाचा प्रूफ, रूट ऑफ ए स्क्वेअर मायनस एक्स स्क्वेअरचं इंटिग्रल, साइन रूल, सेक्शन फॉर्म्युला, दुसऱ्या डिग्रीचं होमोजिनियस इक्वेशन ओरिजिनमधून जाणाऱ्या दोन रेषा दाखवतं ते. हे घोकू नकोस. प्रत्येक प्रूफमध्ये एकच वळण असतं जे आपल्याला स्वतःहून सुचलं नसतं, बाकीचं सरळ रस्ता असतो. होमोजिनियसवाल्यात बी ने, म्हणजे वाय स्क्वेअरच्या कोइफिशियंटने, गुणून पूर्ण वर्ग करायचा हे ते वळण. तेवढं लक्षात ठेव, आणि आठवड्यातून दोनदा कोऱ्या कागदावर लिही, बघून नाही. फॉर्म्युल्यांचं पण तसंच, फॉर्म्युला शीट वाचायची नाही, कोऱ्या कागदावर आठवून लिहायची आणि जे राहिलं ते लाल पेनने भरायचं, दुसऱ्या दिवशी लाल किती कमी झालं ते बघायचं. आणि ह्यात अकरावीची त्रिकोणमिती पण धर, साइन टू एक्स, कॉस टू एक्सचे तिन्ही प्रकार, प्रॉडक्टचं सममध्ये. इंटिग्रेशनमध्ये तू जिथे जिथे थांबलीस त्यातल्या तीन जागी खरी अडचण अकरावीची होती.

आठवडे असे वापर. पहिले तीन, लॉजिक, मॅट्रिसेस, एलपीपी, दोन्ही प्रॉबॅबिलिटीचे चॅप्टर, हे पक्के, कारण ह्यांत पद्धत ठरलेली असते आणि तुला लवकर यश दिसेल, त्याची तुला आत्ता गरज आहे. एलपीपीला ग्राफ पेपर लागत नाही, रफ आकृती चालते, पण कॉर्नर पॉइंट सगळ्या अटींमध्ये घालून बघायचे. मग तीन आठवडे डिफरन्सिएशन ते डिफरन्शियल इक्वेशन, पार्ट टू चा मोठा भाग हाच आहे. मग त्रिकोणमिती, पेअर ऑफ लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन यांना दोन आठवडे. शेवटच्या आठवड्यात नवीन काही नाही. डबा मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत, सगळ्या चॅप्टरचा मिळून. प्रॅक्टिकल आणि इंटर्नलचे २० मार्क वेगळे आहेत, जर्नल वेळेत पूर्ण कर, तिथे मार्क घालवायचे नाहीत.

आणि दर रविवारी सकाळी ११ ते २ एक जुना बोर्डाचा पेपर. गणिताचा पेपर सकाळच्या सत्रातच असतो, तर त्याच वेळी डोकं चालायची सवय होऊ दे. फोन बाबांकडे, घड्याळ समोर, रेघी कागद, मधे उठायचं नाही. ब्लँक होण्यावर माझ्याकडे ह्यापेक्षा चांगला उपाय नाही, सात-आठ वेळा ते तीन तास जगून झालेले असले की नवव्यांदा तेवढी भीती वाटत नाही. आणि तरी झालीसच ब्लँक, तर पेन खाली ठेव, पाणी पी, आणि सगळ्यात सोपं टिंबवालं गणित सुरू कर. पेपर झाल्यावर लगेच तपासू नकोस, जेव, थोडं झोप, संध्याकाळी मार्क दे आणि मी काल केलं तसं, गेलेला प्रत्येक मार्क कुठे गेला ते लिही. वेळेमुळे, न येण्यामुळे, चुकीमुळे, का लिहिण्याच्या पद्धतीमुळे. ह्या चार आकड्यांवरून पुढच्या आठवड्यात काय करायचं ते तुझं तुलाच कळेल.

सीईटीची काळजी तू पत्रात केली नाहीस पण मनात असणार. तिथे मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन मार्क, निगेटिव्ह नाही, आणि साधारण २० टक्के अकरावीचं, ८० टक्के बारावीचं. म्हणजे बोर्डासाठी जे नीट करशील ते तिथे उपयोगी येतंच, आणि सकाळच्या एक-मिनिटाच्या सुरुवातीचा सराव तर सरळ सीईटीचाच सराव आहे. बोर्ड संपेपर्यंत लिहून गणित करणं सोडू नकोस, नुसत्या एमसीक्यूवर जाऊ नकोस. बोर्डानंतर मधे वेळ मिळतो.

नऊ आठवड्यांत होईल का, असं विचारलंस. ९५ होतील असं मी म्हणणार नाही, मला माहिती नाही आणि खोटा धीर द्यायचा नाही. पण तुझ्या पेपरात जे मला दिसलं त्यावरून सांगते, खोडलेलं गणित, अक्षर-उत्तराची चूक, दोन कोऱ्या एमसीक्यू, ते मायनस साइन आणि वेळेमुळे राहिलेल्या १८ मार्कांतले निम्मे, एवढंच जागेवर आलं तरी तू पन्नाशीच्या पुढे जातेस, एकही नवीन चॅप्टर न शिकता. पुढचं तुझ्या डब्यावर आहे.

दुसरी प्रिलिम झाली की पेपरचे फोटो परत पाठव, सगळ्या पानांचे, खोडलेल्या पण. आणि एका कागदावर ते चार आकडे तू स्वतः काढून पाठव, माझे आकडे मी वेगळे काढते, मग जुळतात का बघू.